पंचफुलाचा अर्धा अंगठा

पंचफुलाला पळसबोंडीत सगळे पाठीमागं ‘काहूनबाई’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. तोंडावर म्हटलं की ती तिथंच थांबून विचारायची, “काहून म्हनता?” आणि मग झालं, बैल बांधायचे राहिले, बाजाराला निघालेला माणूस तसाच उभा राहिला.

हा स्वभाव तिनं माहेराहून, इंझोरीहून आणला होता. लहानपणी बापाच्या मागं मागं हिंडून तिनं त्याचं डोकं खाल्लं होतं. मुंग्या अंडी घेऊन कुठं चालल्या? बैल बसल्या बसल्या काय चावतो? तुरीला आधी फूल काहून येतं? छप्पन साली वस्तीतली सारी घरं बौद्ध झाली, तेव्हा घरातले देव पोत्यात भरून बाप नदीकडं निघाला, आणि ही चौदा वर्षांची पोर त्याच्या मागं. वाटेत तिनं इतकं विचारलं, इतकं विचारलं की बाप पोतं खाली ठेवून बांधावर बसला. चिडला मात्र नाही. म्हणाला, “इचार माय. इचारता यावं म्हनूनच तं हे सारं केलं.” बापाच्या या बोलण्याची तिनं जन्मभराची खूणगाठ बांधली.

सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन पळसबोंडीत आली. नवरा ग्यानबा. दोन एकर बरड आणि बाकी मजुरी. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर खूप. बरंच झालं म्हणा, दोघंही बोलके निघाले असते तर त्या घरात चूल पेटली नसती. पहिल्याच वर्षी जानराव पाटलाच्या वावरात ज्वारीची सोंगणी चालली होती. पंचफुला शेजारणीला विचारत होती की कणसाचं तोंड खाली काहून झुकतं, आणि तेवढ्यात विळा सटकला. डाव्या अंगठ्याचं वरचं अर्धं पेर गेलं. धाटावर रक्ताची चिळकांडी उडाली. जानरावांनी घरून हळद धाडली. अंगठा बरा झाला, पण अर्धाच राहिला. विचारायची खोड गेली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही तिला ओळखलंच नाही.

एका ‘काहून’चं उत्तर मात्र तिला सोळा वर्षांत कोणी दिलं नव्हतं. गावात बारमाही पाण्याची विहीर एकच, मारुतीच्या पारापाशी. वस्तीतल्या बायकांनी तिच्या जवळ जायचं नाही. सहा-सात हात खाली उतारावर घागर ठेवायची, एक पाऊल बाजूला सरायचं आणि उभं राहायचं. वरच्या कोण्या बाईचं भरून झालं आणि मनात आलं, की ती वरून बादली ओतायची. कायदा म्हणाल, तर कायदा केव्हाच झाला होता. तो अजून विहिरीपर्यंत पोचला नव्हता, इतकंच. पंचफुलानं पहिल्याच दिवशी सासूला विचारलं होतं, “काहून?” सासू म्हणाली, “चूप बस.” त्या उभं राहण्याची पंचफुलाला विलक्षण चीड होती. पाणी कमी मिळतं म्हणून नव्हे. आपण हातपाय धड असलेलं माणूस, आणि आपल्या घागरीत पाणी पडायला दुसऱ्याच्या मनात यावं लागतं, म्हणून.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात वाशीमहून ग्रामपंचायतीला एक कागद आला. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. जमिनीत खोल भोक पाडून हातपंप बसवून देणारं यंत्र केनवडच्या बाजूनं गावोगाव येणार होतं. जागा कुठली, हे गावातल्या सात माणसांच्या सल्लागार समितीनं ठरवून कळवायचं. सातांत एक बाई पाहिजे, आणि एक माणूस बौद्ध वस्तीतलं पाहिजे. जागा नीट कळवली नाही तर यंत्र पुढच्या गावाला जाईल.

सरपंच होते उकंडराव पाटील. मनानं मऊ माणूस, पण डोक्याला ताण द्यायचा म्हटलं की त्यांना जांभई यायची. यादी करता करता ते बाई आणि वस्ती यांवर अडले, आणि मग एकदम मांडीवर थाप मारली.

“पंचफुलाले घ्या ना! बाईबी झाली आन् वस्तीबी झाली. एक जागा उरते आपल्यापाशी.”

उरलेल्या जागेवर त्यांनी चुलतभाऊ जानरावांना घेतलं. जानराव साठीचे, जुन्या वळणाचे, ताठ. शिवाशिव कडक पाळणारे. पण खोटं बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे.

कागदाचं सगळं काम ग्रामसेवक गुलाबसिंग ठाकूर यांच्याकडं. त्यांच्याकडं तीन गावं होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ते सायकलीवर पळसबोंडीत यायचे. आणि कुठल्याही समितीची बैठक? बैठक पळसबोंडीत भरत नसे, ती फिरत असे. ग्रामसेवक वहीत ठराव लिहायचे, आणि पंचायतीचा चपराशी लखमा ती वही काखेत मारून, शाईची डबी हातात घेऊन घरोघर जायचा. सरपंच पलंगावर सही करायचे, जानराव वावराच्या धुऱ्यावर बसून, कोणी दुकानात, कोणी न्हाव्यापुढं अर्धी दाढी झालेली असताना. वहीत मात्र लिहिलेलं असायचं की आज सभा भरली. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर वैशाखातल्या एका मंगळवारी भर दुपारी लखमा घामाघूम होऊन वस्तीत आला. पंचफुला अंगणात तुराट्यांचा खराटा बांधत होती.

“पंचफुले, अंगठा दे.”

“कायचा?”

“समितीचा. तू सल्लागार हायेस.”

“मी? अव माय! कवापासून?”

“शुक्रवारपासून.”

“आन् सल्लागाराले काय करा लागते?”

“अंगठा.”

“थे झालं. पन सल्ला कवा द्याचा?”

लखमानं टोपी काढून वारा घेतला. “थो तू देल्ला. हे पाय, वहीत लिवला हाये.”

पंचफुलाच्या हातातला खराटा खाली पडला. तिला राग आला नाही, खरं सांगायचं तर तिला मोठी मौज वाटली. आपण सल्ला दिला, तो वहीत उतरला, आणि आपल्यालाच पत्ता नाही!

“वाच बरं,” ती म्हणाली. “पाहू तं खरं मी काय म्हनलं थे.”

“मले वाचता आलं असतं तं मी चपराशी राह्यलो असतो का?”

“मंग ज्याले येते त्याले संगं घेऊन ये. वाचून झालं का अंगठा देतो. दोन्ही हाताचे देतो.”

लखमा परत गेला. ग्रामसेवक म्हणाले, वाचायला काय जातोय मी वस्तीत, जा, अंगठा घेऊन ये. तो पुन्हा आला. पंचफुलानं त्याला गार पाणी दिलं, गूळ दिला, आणि तेच सांगितलं. तो तिसऱ्यांदा आला, चौथ्यांदा आला. चौथ्या खेपेला त्याच्या वहाणेचा अंगठा तुटला, आणि तो उन्हाला, वहीला, पंचफुलाला आणि ग्रामसेवकाच्या सायकलीला शिव्या देत निघून गेला.

पाचव्यांदा तो आलाच नाही.

दोन दिवस पंचफुलानं वाट पाहिली. त्याच्या न येण्यानं तिला चैन पडेना. संध्याकाळी भाकरी थापता थापता ती ग्यानबाला म्हणाली, “लखमा काहून नाही आला असन?”

“थकला असन,” ग्यानबा म्हणाला.

“थकला तं वही कोठी गेली?”

ग्यानबा म्हणाला, “तूच जाऊन पाय ना.” दिवसभरातलं हे त्याचं सर्वात मोठं भाषण असावं.

शुक्रवारी सकाळी पंचफुला धुतलेलं लुगडं नेसून पंचायतीच्या खोलीपाशी गेली. आत उकंडराव खुर्चीत होते, जानराव बाकावर, ग्रामसेवक टेबलामागं. लखमा दारात पाय पसरून बसला होता. तिला पाहिल्याबरोबर त्यानं पाय आखडून घेतले.

“समितीचं काय झालं म्हनून इचाराले आली,” पंचफुला उंबऱ्याबाहेरून म्हणाली.

गुलाबसिंगांनी मान वर केली नाही. “झालं बाई तुमचं काम. अंगठा आला. उद्या कागद वाशीमला जाईल, बुधवारी यंत्र येईल.”

“कोनाचा अंगठा आला?”

“तुमचा.”

“माहा तं माह्यापाशीच हाये.”

आता गुलाबसिंगांनी मान वर केली. वही फिरवून त्यांनी बोट ठेवलं. निशाणी डावा अंगठा, पंचफुला ग्यानबा. बाजूला निळाशार ठसा, चांगला गोल, भरदार, टोकापर्यंत रेषा उमटलेला.

पंचफुलानं उंबरा ओलांडला. कधी ओलांडला हे तिलाही कळलं नाही. टेबलापाशी जाऊन तिनं आपला डावा अंगठा त्या ठशाशेजारी ठेवला. ठसा पुरा होता आणि अंगठा अर्धा.

सरपंच पुढं वाकले. गुलाबसिंगांनी तिला आधी कधी पाहिलंच नव्हतं, त्यांना काही उमगेना. बोलले ते जानराव.

“हा हिचा अंगठा नव्हे,” ते म्हणाले. “हिचा अंगठा माह्या वावरात तुटला. म्या पाह्यला.”

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. लखमाचा डावा हात धोतराच्या सोग्यात होता. “काढ हात,” सरपंच म्हणाले. त्यानं काढला. अंगठा निळा होता.

“चार खेपा घातल्या जी मालक!” लखमा रडकुंडीला आला. “हे म्हने वाच, थे म्हने आन. मी काय वाचू, माहं कपाळ? उन्हात जीव चालला माहा. म्हनलं, एका अंगठ्यानं कोनाचं काय बिघडते? हिचा अर्धा हाये हे ध्यानातच नाही राह्यलं.”

“घरी बस आजपासून!” उकंडराव गरजले. “तोंड दाखवू नको!”

पंचफुलाला राग आलाच होता, चांगला टाळूपर्यंत चढला होता. पण तिच्या रागापेक्षा तिचं कुतूहल नेहमीच दोन पावलं पुढं असायचं.

“त्याचं पाहू मंगून,” ती म्हणाली. “पह्यले मले हे सांगा, का मी सल्ला काय देल्ला?”

गुलाबसिंगांनी घड्याळाकडं पाहिलं, सरपंचांकडं पाहिलं, आणि सुटका नाही हे कळल्यावर घसा खाकरून वाचायला लागले.

“‘सल्लागार समितीच्या आजच्या सभेत साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते असे ठरले की, नियोजित हातपंप शाळेच्या इमारतीमागील जुन्या वडाच्या पूर्वेस दहा फुटांवर घेण्यात यावा.’”

उकंडरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग दारातून पाहिलं.

“कोनता वड?” पंचफुलानं विचारलं.

आता ऐका. पळसबोंडीत लिंबं होती, बाभळी होत्या, पारावर एक पिंपळ होता, कोंडवाड्यापाशी एक उंबर होता. वड गावात नव्हता. कधीच नव्हता. वटपौर्णिमेला गावातल्या बायका पाटावर वडाचं चित्र काढून पूजा करायच्या. आणि शाळेची इमारत? शाळा मारुतीच्या सभामंडपात भरायची, पावसाळ्यात भरायचीच नाही.

गुलाबसिंगांच्या कपाळावर घाम आला. तीन गावं, तीन समित्या, एक बैठक मारून त्यांनी तिन्ही ठराव लिहून काढले होते. एक लिहिला आणि बाकीचे दोन त्यावरून उतरवले. नावं बदलली, वड बदलायचा राहिला.

“पाटील, तुमची सही हाये याच्यावर,” जानराव म्हणाले.

“तुहीबी हाये,” उकंडराव म्हणाले. “मी सही करतो बुवा, वाचत नाही. वाचाले हे ठाकूर हायेत असं मी समजो.”

“आणि मी समजत होतो की तुम्ही वाचून सही करता,” गुलाबसिंग हळूच म्हणाले.

सात माणसांनी साधकबाधक चर्चा करून नसलेल्या वडापाशी हातपंप मागितला होता! बुधवारी ते यंत्र आलं असतं, वड शोधत गावाला दोन चकरा मारल्या असत्या आणि निघून गेलं असतं. उकंडरावांच्या तोंडचं पाणी पळालं. भल्या माणसाला आळस असतो, पण गावाची नाचक्की सोसत नाही. त्यांनी लखमाला, हो, नुकत्याच घरी बसवलेल्या लखमाला, ओरडून सांगितलं, “पाहून काय राह्यला? बाकीच्या चौघायले बोलाव! जसे असतीन तसे आन!”

आणि अर्ध्या तासात, पळसबोंडीच्या पंचायतीत पहिल्यांदाच, समितीची सातही माणसं एका सतरंजीवर बसली. एकाच्या हाताला अजून शेण होतं. पंचफुला कडेला, दाराजवळ. तिच्याइतकं टक लावून कोणी पाहत नव्हतं. सल्ला देतात तो हा असा असतो तर!

उकंडराव म्हणाले, “सोपं काम हाये. पारापाशी लिवा. विहिरीच्या बाजूले. गावच्या मधी पडते.”

“बरोबर,” जानराव म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

पारापाशी म्हणजे तोच उतार, तीच सहा-सात हातांची दूरी, आणि पोहऱ्याच्या जागी फक्त लोखंडाचा दांडा. पुन्हा घागर ठेवून बाजूला सरायचं. आपण मेल्यावर सून उभी राहील, मग सुनेची सून. आता नाही तर कधीच नाही, हे पंचफुलाला लख्ख कळलं. पण भांडून काय होणार होतं? एकाला सहा होते. तिला येत होतं ते एकच काम तिनं केलं.

“ठाकूर साहेब,” ती म्हणाली, “थो वाशीमचा कागद हाये ना, थो पुरा वाचला का कोनी?”

“त्यात काय, नेहमीचंच असतं.”

“नेहमीचं काय असते थे मले माईत नाही. वाचा ना. शेवटपर्यंत.”

गुलाबसिंग आज कोणाला नाही म्हणायच्या स्थितीत नव्हते. त्यांनी फाइल काढली. पहिलं पान झालं, दुसरं झालं. सगळ्यांत खाली, टाचणीच्या गंजाखाली, दोन ओळी होत्या. त्या वाचताना त्यांचा आवाज आपोआप सावकाश झाला. “‘हातपंपाची जागा सार्वजनिक असावी व गाव आणि बौद्ध वस्ती या दोहोंना सारखीच सोयीची असावी. तेथे प्रत्येकास आपल्या हाताने पाणी घेता येईल, असे समितीने एकमताने लिहून द्यावे. त्याशिवाय काम हाती घेतले जाणार नाही.’”

कागद येऊन महिना झाला होता. या दोन ओळी कोणाच्याच कानावर आल्या नव्हत्या.

जानराव उठून उभे राहिले. “मंग मी सही करत नाही.”

“काहून?” पंचफुलानं विचारलं.

“वाडवडलापासून चालत आलं.”

“काहून चालत आलं?”

“तुले काय करा लागते!”

“मले माईतच नाही, म्हनून इचारून राह्यली. सोळा वर्षं झाली, कोनी सांगत नाही.” तिचा आवाज चढला नाही. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि तेच जानरावांना जड जात होतं. “जानरावजी, तुमी खोटं बोलत नाही, म्हनून तुमालेच इचारतो. माहा अंगठा तुटला तवा तुमच्या ज्वारीवर रगत पडलं होतं. तुमी पाह्यलं. ती ज्वारी फेकली का तुमी?”

जानरावांनी नजर खाली वळवली.

“नाही,” शेवटी ते म्हणाले. “घरीच ठेवली.”

“खाल्ली?”

“खाल्ली.”

“मंग पान्यालेच काय झालं?”

जानराव उभेच होते. एकदा दाराकडं पाहिलं, निघून जाता आलं असतं. लबाड माणूस असता तर म्हणाला असता की विकली, की गुरांना घातली, आणि सुटला असता. पण तो माणूस तसा नव्हता. ते खाली बसले, धोतराचा सोगा उगाचच नीट केला आणि कोणाकडं न पाहता म्हणाले, “लिवा ठाकूर. पन जागा कोठची?”

“कोंडवाड्यापाशी,” पंचफुला म्हणाली. “पंचायतीचीच हाये. गाव तेवढंच दूर, वस्ती तेवढीच दूर. आन् तिथं उंबर हाये. साऱ्या दुष्काळात त्याचं पान वाळलं नाही. खाली मुंग्याईचं वारूळ हाये, त्याची माती वैशाखातबी ओली निंगते.”

उकंडराव थक्क झाले. “हे तू पाह्यलं कवा?”

“तुमच्या विहिरीखाली उभी राहून. तिथून थेच दिसते.”

उकंडरावांनी मान खाली घातली. हे त्यांना लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

ठराव नव्यानं लिहिला गेला. गुलाबसिंगांनी तो तीनदा मोठ्यानं वाचला, मग सह्या आणि अंगठे झाले. शेवटी पंचफुलानं शाईच्या डबीत अर्धा अंगठा बुडवून वहीवर दाबला. तिचा ठसा चपटा उमटला, वर कापल्यासारखा. तिला तो आवडला. कोणी उसना आणू शकणार नाही असा होता.

“आन् याचं काय करू?” उकंडरावांनी लखमाकडं बोट दाखवलं.

“त्याले काहून काढता?” पंचफुला म्हणाली. “चार खेपा त्यानंच घातल्या. बाकी कोनी उठलं का जाग्यावरून? फक्त त्याले आता वही घेऊन नका पाठवू. मानसं बोलवाले पाठवा.”

लखमा राहिला. आणि तेव्हापासून पळसबोंडीत वही फिरायची बंद झाली. ठराव रस्त्याचा असो की सभामंडपाच्या कौलांचा, आधी माणसं बसायची, मग तीनदा वाचन व्हायचं. तिसऱ्या वाचनाला उकंडराव घोरायचे, पण वाचन थांबायचं नाही. पंचफुला त्या समितीवर अठरा वर्षं राहिली. प्रत्येक कागद शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय तिनं अंगठा दिला नाही, आणि त्यापायी दोन ग्रामसेवकांनी बदली मागितली असं म्हणतात.

पण ते पुढचं. बुधवारी यंत्र आलं. अख्खं गाव कोंडवाड्याभोवती जमलं. कान बसतील असा आवाज, पांढऱ्या धुळीचा लोट, लिंबावरची पाखरं सगळी उडून गेली. साठ फुटांवर खडक लागला आणि लोकांचे चेहरे पडले. ऐंशी, शंभर. पंचफुला उंबराच्या मुळापाशी बसून माती चिमटीत घेऊन पाहत होती. एकशे दहा फुटांवर धुळीचा चिखल झाला आणि मागोमाग पाणी उसळलं. उकंडरावांनी आपल्या डोक्याचा फेटा काढून उडवला, तो चिखलात पडला.

आठवड्याभरानं पंप बसला. पहिल्या सकाळी पंचफुला सर्वांच्या आधी गेली. हापशीच्या तोटीखाली घागर नीट ठेवली. मागून पावलं वाजली. सरपंचांच्या बायको, कस्तुराबाई, कमरेवर घागर घेऊन येत होत्या. सोळा वर्षांत पंचफुलाच्या घागरीत सगळ्यांत जास्त वेळा पाणी ओतलं असेल ते यांनीच. मायेनं ओतलं, कधी टाकून बोलल्या नाहीत. पण ओतलं ते वरूनच.

कस्तुराबाई येऊन थांबल्या. पंचफुलाही थांबलेली. दोघी काही वेळ तशाच उभ्या. तोटी कोरडी, घागर रिकामी.

“पंचफुले,” कस्तुराबाई म्हणाल्या, “काहून उभी राह्यली वं?”

साऱ्या गावाला काहून विचारणाऱ्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी काहून विचारलं. पंचफुलानं खाली पाहिलं. घागर तोटीखाली ठेवून ती एक पाऊल बाजूला सरली होती. पाय आपोआप सरले होते. हात बांधून ती कोणीतरी ओतण्याची वाट पाहत उभी होती.

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, ते तिनं पदरानं पुसलेही नाहीत.

“काही नाही बाई,” ती म्हणाली. “वाट पाह्याची सवय हाये.”

आणि पुढं होऊन तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला.